बिल्डरला बोलावण्याआधी: सोसायटीचं गरजपत्र कसं लिहायचं, आणि का

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘विषय : इमारतीचा पुनर्विकास’ असा कागद लागला की त्या दिवसापासून जिन्यात, गेटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न ऐकू येतो. किती टक्के एक्स्ट्रा जागा मिळणार? पलीकडच्या सोसायटीला पस्तीस टक्के मिळाले, मग आपल्याला तीसच का? प्रश्न रास्त आहे. तीस-चाळीस वर्षं साडेचारशे चौरस फुटांत संसार केलेल्या माणसाने तो विचारायलाच हवा.

पण हा प्रश्न बिल्डरला विचारायचा आहे. त्याआधी एक प्रश्न सोसायटीने स्वतःला विचारायचा असतो, आणि तो बहुतेक सभांमध्ये विषयपत्रिकेवर येतच नाही: नव्या इमारतीत आपल्याला जगायचं कसं आहे? आर्किटेक्ट म्हणून अनेक सोसायट्यांच्या सभांना मी बसतो. कॉर्पस (म्हणजे बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम), भाडं, टक्के यांवर चार-चार तास चर्चा होते आणि ‘बाकी सगळं आर्किटेक्ट बघतील’ या एका वाक्यात इमारतच निकालात निघते. पुढची पन्नास वर्षं राहायचं मात्र त्या ‘बाकी सगळ्या’त असतं.

आता तर स्वयंपुनर्विकासाचा रस्ताही मोकळा झाला आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्याला धोरणाचं रूप मिळालं. त्यात मध्ये विकासक नसतो. सोसायटीच कर्ज काढते, सोसायटीच कंत्राटदार नेमते. म्हणजे काय बांधायचं हे सांगण्याची जबाबदारी पूर्णपणे सोसायटीवर येते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

गरजपत्र म्हणजे काय?

घरी कार्य असलं की आपण आचाऱ्याला बोलावतो. तो आल्या आल्या मेनू सांगत नाही, आधी विचारतो: पानं किती? पंगत की बुफे? उपासवाले किती? कांदा-लसूण चालणार का? पाणी कुठून घ्यायचं, आणि अक्षता किती वाजता? ही उत्तरं मिळाल्याशिवाय शहाणा आचारी शिध्याची यादी करत नाही. त्याची उत्तरं कागदावर उतरवली तर जे तयार होईल तेच बांधकामातलं गरजपत्र. आमच्या धंद्यात त्याला ‘ब्रीफ’ म्हणतात. या लेखापुरतं आपण गरजपत्रच म्हणू.

इमारतीत कोण राहतं, दिवसभरात काय काय करतं, आत्ता कुठे अडतं, नव्या जागेत काय असलंच पाहिजे, पैसे किती आणि वेळ किती, एवढं त्यात असतं. नकाशा नसतो. ब्रिटनमध्ये आर्किटेक्टांच्या संस्थेने प्रकल्पाचे जे टप्पे आखून दिले आहेत त्यांत प्राथमिक आराखड्याच्या आधी दोन टप्पे फक्त यासाठी ठेवले आहेत. आपल्याकडे पहिल्याच बैठकीत टेबलावर रंगीत चित्रं येतात.

गरज वेगळी, उपाय वेगळा

सभासदांना ‘काय हवं?’ असं विचारलं की उत्तरं येतात: दोन लिफ्ट हव्यात, मोठी बाल्कनी हवी, क्लबहाउस हवं. हे सगळे उपाय आहेत. त्यांच्यामागची गरज अजून कोणी बोललेलं नाही.

लिफ्टचंच घ्या. ‘दोन लिफ्ट’ असं लिहून दिलं तर दोन लिफ्ट मिळतील. पण त्या दोन्ही चार-सहा माणसांच्या असतील, आणि सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली की त्यांना खुर्चीत बसवून चार जणांना जिन्याने उतरवावं लागेल. तिथे गरज अशी लिहायला हवी: ‘आडवं स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावलं पाहिजे, आणि एक लिफ्ट बंद असली तरी वरच्या मजल्यावरचा माणूस अडकून पडता कामा नये.’ आता आर्किटेक्टला लिफ्टची खोली, दाराची रुंदी, लिफ्टसमोरची मोकळी जागा आणि जनरेटर, सगळ्याचा विचार करावाच लागतो. दोन ओळींनी चार निर्णय योग्य दिशेला लावले.

बाल्कनीचंही तसंच. कोणाला संध्याकाळी बसायला हवी असते, कोणाला कपडे वाळवायला, कोणाला तुळस आणि चार कुंड्यांसाठी. कपडे वाळवण्याची गरज असेल तर तिला ऊन आणि वारा हवा, रस्त्याकडचा देखावा नको. ती गरज न सांगता नुसती ‘बाल्कनी’ मागितली की दर्शनी बाजूला काचेचं कठडं असलेली सुंदर बाल्कनी मिळते, आणि सहा महिन्यांत तिथे दोऱ्या बांधल्या जातात.

‘आर्किटेक्टला हे कळत नाही का?’

हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो अर्धा खरा आहे. नियम आम्हाला कळतात. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेतलं प्रमाण आम्हाला पाठ असतं. साठ घरं, घरटी चार माणसं, म्हणजे रोज ३२,४०० लिटर, हा हिशेब आम्ही करतो. व्हीलचेअर पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, हेही माहीत असतं.

पण तुमच्याकडे पालिकेचं पाणी दिवसातून किती वेळ येतं आणि मे महिन्यात आठवड्यातून किती टँकर मागवावे लागतात, हे तुम्हालाच माहीत. साठांपैकी किती घरांत गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कोणी आहे, हे तुम्हाला माहीत. गणपतीत तळमजल्यावर मांडव कुठे पडतो, आणि त्या अकरा दिवसांत गाड्या कुठे जातात? सायकली जिन्याखाली का ठेवाव्या लागतात? घरकामाला येणाऱ्या बायका आणि रखवालदार स्वच्छतागृहासाठी कुठे जातात? शेवटचा प्रश्न मी प्रत्येक सोसायटीत विचारतो. बहुतेक ठिकाणी आधी शांतता होते, मग कोणीतरी म्हणतं, खरंच, कुठे जातात हो?

नियमांत ‘किमान’ सांगितलेलं असतं. तुमचं जगणं नियमांना माहीत नसतं.

कागदावर खोडरबर, जागेवर घण

‘आधी काम सुरू तर होऊ द्या, बदल काय नंतरही करता येतील.’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. कारण इमारतीतल्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि बाहेरून ते दिसत नाही.

बाथरूम आणि संडास एकाच उभ्या रेषेत, एकावर एक असतात. त्यांच्या पाइपांसाठी खालचा स्लॅब थोडा दाबून घेतलेला असतो आणि बाजूला डक्ट, म्हणजे उभी पोकळी, सोडलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बाथरूम पलीकडच्या कोपऱ्यात हवं असेल तर ते वरच्या-खालच्या सगळ्यांचं हलतं. कागदावर हे काम अर्ध्या दिवसाचं. स्लॅब पडल्यावर जवळजवळ अशक्य.

पार्किंगचं गणित तर तळमजल्याच्या कॉलमवर ठरतं. एका गाडीला साधारण अडीच मीटर रुंदी धरली, तर दोन कॉलमच्या मध्ये साडेसात मीटर मोकळे मिळाल्यास तीन गाड्या बसतात. सात मीटर मिळाले तर दोनच बसतात आणि दोन मीटर वाया जातात. पण कॉलम कुठे येणार हे वरच्या खोल्यांवरही अवलंबून असतं. म्हणून ‘किती गाड्या, किती दुचाक्या, किती गाड्यांना चार्जिंग’ हा आकडा पहिली रेघ ओढण्याच्या आधी हवा. पाया भरल्यावर हा विषय काढून उपयोग नाही.

शिवाय परवानग्या असतात. मुंबईत आधी आयओडी म्हणजे नकाशांची सशर्त मंजुरी, मग काम सुरू करण्याचा दाखला म्हणजे सीसी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. मंजूर नकाशात मोठा बदल केला की सुधारित नकाशे, पुन्हा छाननी, पुन्हा थांबणं. तोवर भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा महिना सुरूच असतो. स्वयंपुनर्विकासात याची झळ थेट बसते: कंत्राटदार प्रत्येक बदलाचं ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून वेगळं बिल लावतो, आणि ते साठ घरांच्या खिशातून जातं.

सिडनीत काय झालं

हे फक्त आपल्याकडे होतं असं कोणाला वाटत असेल तर जगातल्या सगळ्यात ओळखीच्या इमारतींपैकी एक पाहा. सिडनी ऑपेरा हाउसची स्पर्धा १९५७ मध्ये डेन्मार्कचे आर्किटेक्ट यर्न उटझन यांनी जिंकली. १९५९ मध्ये, नकाशे पूर्ण नसतानाच, राजकीय घाईपोटी काम सुरू झालं. छपराचं गणित पुढे बरीच वर्षं सुटत नव्हतं. ते सुटेपर्यंत खालचे काही आधार बांधूनही झाले होते आणि नव्या छताचं वजन त्यांना पेलणारं नव्हतं, म्हणून ते काढून नव्याने करावे लागले.

पण माझ्या मते त्याहून मोठी चूक गरजेतली होती. मोठं सभागृह ऑपेरा आणि वाद्यवृंद या दोन्हींसाठी हवं, असं सुरुवातीला ठरलं होतं. या दोन कलांना लागणारी जागा आणि आवाजाची घडण वेगवेगळी असते. प्राधान्य कोणाला, हा वाद आधी मिटवलाच नव्हता. १९६६ मध्ये उटझन काम सोडून गेले आणि त्यानंतर निर्णय झाला: मोठं सभागृह फक्त संगीत मैफलींसाठी. ऑपेरासाठी तयार केलेली रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकावी लागली आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला. तिथे रंगमंच आणि वादकांची जागा, दोन्ही अपुरे. इमारतीचं नावच ऑपेरा हाउस, हे लक्षात घ्या. सुरुवातीचा अंदाज सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. १९७३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा खर्च दहा कोटी वीस लाखांवर गेला होता.

इमारत अप्रतिम आहे, त्यात शंका नाही. पण सिडनीकडे सरकारी लॉटरीचा पैसा होता. साठ घरांच्या सोसायटीकडे तो नसतो.

कोणाला विचारायचं?

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण बहुतेक गरजपत्रं इथेच अपुरी राहतात.

शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव तो सभासद. सभेला तोच येतो, हात तोच वर करतो. जुन्या सोसायट्यांत ही नावं बहुतांशी पुरुषांची आहेत. पण ओटा किती उंच हवा, सिंक खिडकीखाली हवं की नको, गॅसच्या सिलिंडरला किंवा पाइपला जागा कुठे, मिक्सर लावायला प्लग कुठे, भांडी घासताना पाणी कुठे साचतं, हे सांगणारी व्यक्ती त्या सभेत नसते. घरातला सगळ्यात जास्त वेळ घरात घालवणारा माणूस आणि घराबद्दल मत देणारा माणूस वेगळा, असं चाललेलं आहे. हे बदलल्याशिवाय गरजपत्र खरं होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर पोल घेऊन हे साधत नाही. जो मोठ्याने बोलतो त्याचीच गरज मोजली जाते. मी सुचवतो ती पद्धत जुनी आणि हळू आहे: दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या, त्यात एक स्त्री असलीच पाहिजे, आणि प्रत्येक घरी अर्धा तास बसायचं. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारायचं नाही. ‘कालचा दिवस सांगा’ म्हणायचं. सकाळी किती वाजता पाणी येतं, डबे कधी होतात, आंघोळीला कोणाचा नंबर कधी, मुलगा अभ्यासाला कुठे बसतो, आई दुपारी कुठे आडवी होते, पाहुणे आले की कोण कुठे झोपतं. लोक आपल्या गरजा नीट सांगू शकत नाहीत, पण आपला दिवस अगदी तपशिलात सांगतात. गरजा त्यातून वेचायच्या.

भाडेकरूंनाही विचारा. रखवालदाराला विचारा, रात्री दोन वाजता रुग्णवाहिका आली तर ती कुठपर्यंत आत येते हे त्याला ठाऊक असतं. कचरा उचलणाऱ्या ताईंना विचारा, ओला आणि सुका डबा ठेवायला जागा कुठे सोयीची. दहावीतल्या मुलीला विचारा, संध्याकाळी क्लासहून येताना गेटपासून लिफ्टपर्यंतचा कोणता भाग अंधारा वाटतो.

साठ घरांची साठ मतं, मग काय?

एकमत होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कायद्यालाही ते अपेक्षित नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी जे सुधारित निर्देश निघाले, त्यांत पुनर्विकासाच्या निर्णयाच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती पुरेशी धरली आहे.

जमलेल्या गरजा तीन रकान्यांत मांडा. पहिला, ‘नसेल तर चालणारच नाही’. दुसरा, ‘असावं’. तिसरा, ‘परवडलं तर’. भांडण पहिल्या रकान्यासाठी होतं, आणि ते व्हायलाच हवं. बिल्डरसमोर होण्यापेक्षा आपसात झालेलं बरं. एक चौथा रकाना मी नेहमी जोडायला लावतो: ‘नको’. पोहण्याचा तलाव नको, काचेचा दर्शनी भाग नको, अशी ठाम नकारांची यादी.

तलावाचं कारण सांगतो. बांधून मिळतो तेव्हा तो फुकट वाटतो. पुढे पाणी, वीज, जीवरक्षक, साफसफाई, सगळं मेंटेनन्समध्ये येतं. समजा या सगळ्या सुविधांचा खर्च महिन्याला दोन लाख चाळीस हजार आला, तर साठ घरांत घरटी चार हजार रुपये. पेन्शनवर राहणाऱ्या जोडप्याला ते झेपणार नाहीत आणि नव्या इमारतीत राहायला गेल्यावर दोन वर्षांत ते घर विकून निघून जाईल. म्हणून ‘महिन्याचा मेंटेनन्स अमुक रुपयांच्या वर जाता कामा नये’ ही सुद्धा गरज आहे, आणि ती पहिल्या रकान्यात लिहायची आहे.

‘प्रशस्त’, ‘दर्जेदार’ आणि ‘समतुल्य’

हे तीन शब्द गरजपत्रातून काढून टाका. त्यांना मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते नंतर मागताही येत नाही. ‘प्रशस्त स्वयंपाकघर’ याऐवजी ‘दोन माणसं एकाच वेळी ओट्याशी उभी राहिली तरी मागून तिसऱ्याला जाता आलं पाहिजे’ असं लिहा. ‘अमुक कंपनीच्या टाइल्स किंवा समतुल्य’ असं आलं की लगेच पुढे लिहा: समतुल्य आहे की नाही हे कोण ठरवणार.

आणि कार्पेट, म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ. ज्या शब्दावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, त्याचीच व्याख्या लिहिलेली नसते. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यानुसार कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. तुमच्या जुन्या घराचं माप मात्र कदाचित खोलीच्या आतल्या आत टेप लावून काढलेलं असेल. आतली चार इंची भिंत एकूण चाळीस फूट लांब असेल तर तिच्याखाली सुमारे तेरा चौरस फूट जातात. साडेचारशेवर तीस टक्के म्हणजे १३५ फूट जास्त मिळाले असं आपण म्हणतो, पण दोन मापं दोन पद्धतींनी घेतली असतील तर त्यातले तेरा फूट भिंतीच आहेत. म्हणून गरजपत्राच्या पहिल्या पानावर लिहा: जुनं आणि नवं, दोन्ही एकाच पद्धतीने मोजायचं, आणि ती पद्धत ही.

‘एवढं लिहिलं तर बिल्डर येणारच नाही’

माझा अनुभव उलट आहे. जमिनीवर जेवढं बांधता येतं तेवढंच येतं, आणि त्यातून किती द्यायचं याचा हिशेब विकासकाने केलेला असतो. त्याला खरी भीती असते ती अर्ध्यावर बदलणाऱ्या मागण्यांची. स्पष्ट गरजपत्र असेल तर तो नेमका खर्च काढू शकतो, आणि चार निविदा आल्या तर त्या शेजारी ठेवून तुम्हाला तुलना करता येते. नाहीतर एकाने चांगल्या लिफ्टचा भाव धरलेला असतो, दुसऱ्याने साध्या, आणि सभा दोघांचे फक्त टक्के पाहत बसते. हो, काही गरजा परवडणार नाहीत असं व्यवहार्यता अहवालात दिसेल. तेव्हा तिसरा रकाना आधी कापायचा, मग दुसरा. कात्री कुठे लावायची हे निदान तुम्ही ठरवलेलं असेल.

मंजूर गरजपत्रावर तारीख घाला, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद करा, आणि ते निविदेला व पुढे विकास कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. जोडलं नाही तर त्याला वहीतल्या टिपणापेक्षा जास्त किंमत नाही. त्यानंतर बदल सुचवायचा तर एकाच दारातून: लेखी, समितीमार्फत, खर्च आणि वेळ किती वाढेल हे आर्किटेक्टकडून लिहून घेतल्यावर. पाच सभासदांनी पाच वेळा साइटवर जाऊन सुपरवायझरला तोंडी सांगायचं नाही.

‘आमचा करार झाला आहे. उशीर झाला का?’

किती झाला ते टप्प्यावर अवलंबून आहे. नकाशे पालिकेत दाखल झाले नसतील तर जवळजवळ सगळं अजून हातात आहे. आजच घरोघरी जायला सुरुवात करा. नकाशे मंजूर झाले असतील तर कॉलम, जिना, लिफ्टचा डक्ट आणि बाथरूमची जागा धरून चाला, पण घराच्या आतल्या काही भिंती, दारं उघडण्याची दिशा आणि ओट्याची मांडणी यांवर अजून बोलता येतं. स्लॅब पडत असतील तर प्लग कुठे, गाड्यांच्या चार्जिंगसाठी रिकामा पाइप कुठून, बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवायला भिंत भक्कम आहे का, हे प्लॅस्टरच्या आधी सांगून ठेवा. आणि रखवालदाराच्या स्वच्छतागृहाचं विचारा. नकाशात ते दाखवलेलं असतं, पण पुष्कळदा ओसी मिळाल्यावर त्याची भंगाराची खोली होते. त्या दारावर कोणतं कुलूप लागणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हेसुद्धा आत्ताच ठरवून घ्या.